वस्तादांची गॅरंटी

तीर्थरूप मामांना वाकून नमस्कार (साष्टांग घालणार होतो, पण या खोलीत आडवं झालं की पाय जिन्यात जातात आणि वरच्या मजल्यावरची माणसं त्यावरून ये-जा करतात).

पत्राला सात महिने उशीर झालाय, हे आधीच कबूल करतो, म्हणजे तुम्हाला ते उकरून काढायला नको. पहिल्या महिन्यात पेन नव्हतं. दुसऱ्या महिन्यात पेन होतं, पण मी एका बोटीवर भांडी घासत होतो आणि हात सुकतच नव्हते. तिसऱ्या महिन्यात "तीर्थरूप" इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात खिडकीतून एक माणूस शिडीवर पाठमोरा चढताना दिसला. असं का चढतो, ते विचारायला खाली गेलो. (कारण त्यालाही माहीत नव्हतं.) बाकीचे चार महिने निव्वळ लाज वाटण्यात गेले.

तब्येत कशी आहे, असं विचारायची रीत आहे, पण आईने आधीच कळवलंय. मामी गेल्यापासून तुम्ही दुधात बुडवलेल्या पावावर आहात, सदरे अंगावर लोंबताहेत, आणि कुणी दातांचं नाव काढलं की म्हणता, "मरायचंच आहे, तर दात कशाला?" मामा, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. मला त्यावर विचार करावा लागला, कारण हल्ली मी कवळ्या बनवणाऱ्या एका वस्तादांकडे कामाला आहे.

आमचं दुकान म्हणजे एक खोली. जिकडेतिकडे प्लास्टरची पांढरी धूळ, आणि फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली नाव. (कोण कुणाशेजारी ठेवलाय याला महत्त्व आहे. भांडलेल्या जावा वस्तादांनी दोन टोकांना ठेवल्या आहेत.) माझं काम मेण वितळवायचं, दात घासून चकचकीत करायचे, डबीत ठेवायचे आणि वर गॅरंटी कार्ड घालायचं. गॅरंटी दोनच प्रकारची, दोन वर्षं नाहीतर दहा. कुणाला कोणती, ते वस्ताद हिरड्या चाचपून ठरवतात. आता गॅरंटी असते दातांची. पण आमच्या गल्लीचा ठाम समज असा, की वस्तादांना हिरड्यांवरून माणसाचं किती राहिलंय ते कळतं आणि कार्डावर ते तेवढंच लिहितात. वस्ताद हा समज खोडत नाहीत. पसरवतही नाहीत. नुसते मिशीत हसतात.

तर झालं असं, की डब्या भरायच्या दिवशी समोरच्या घरात एक कपाट खिडकीतून आत घेत होते. असं दृश्य सोडून खाली मान घालून बसणारा माणूस मी नव्हे, हे तुम्ही जाणताच. कपाट अडकलं, मीही अडकलो, आणि दोन कार्डांची अदलाबदल झाली. दहा वर्षांचं गेलं निवृत्त पोस्टमास्तरांकडे आणि दोन वर्षांचं गेलं शिवणवाल्या आजींकडे.

पोस्टमास्तर तुमच्याच पंथाचे. छत्री, पुस्तकं, बुद्धिबळाचा पट, सगळं वाटून मोकळे झालेले. चौथ्या दिवशी कार्ड नाचवत आले. "दहा? अहो, माझं सगळं आवरून झालंय! दहा वर्षं मी काय भिंतीकडे बघू?" वस्ताद म्हणाले, "चावताना दुखतंय का?" दुखत नव्हतं. महिन्याभरात त्यांनी छत्री परत मागून आणली, आणि आता पोहायला शिकताहेत, ओरडत ओरडत, पण शिकताहेत.

आजींचं उलटं. वय एक्याण्णव, आणि आजवर प्रत्येक गोष्टीला "बघू, काय घाई आहे" म्हणत आलेल्या. दोन वर्षांचं कार्ड वाचलं आणि दुसऱ्या दिवशी बहिणीशी तीस वर्षांचा अबोला मोडला. गोड बोलायला नव्हे हो, भांडण अर्धवट राहिलं होतं ते पुरं करायला. वीस वर्षांपूर्वी बेतून ठेवलेला निळा कोटही पेटीतून काढला.

मला झोप लागेना. शेवटी आजींकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. त्या कोटाला बाही जोडत होत्या. दोरा दातांनी तोडला (आमच्याच, पकड उत्तम) आणि म्हणाल्या, "हे तू मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं ना आजी, आत्ताच."

"गाढवा, नाही सांगितलंस. दहा वर्षं मिळाली की ही बाही पुन्हा पेटीत जाईल. आणि त्या पोस्टमास्तराला तर मुळीच सांगू नकोस. तो पाण्यात असतो, बुडेल."

म्हणजे मामा, मरण जवळ आलं म्हणून एकीच्या जगण्याला चव आली आणि लांब गेलं म्हणून दुसऱ्याच्या. यातून सिद्धांत कसा काढायचा? मी वस्तादांना विचारलं, मरायचं असतं म्हणून जगण्याला अर्थ येतो की जातो? ते म्हणाले, "अर्थाचं मला ठाऊक नाही. ते मेण उतू चाललंय." आणि खरंच चाललं होतं.

तुमचा,
भटका भाचा

ता.क. हे आईच्या सांगण्यावरून लिहिलंय. पटलं नसलं, तरी पटलं असं तिला कळवा.

ता.क. दुसरं. खरं काम हे, की ठसा घ्यायला तोंड स्वतः आणावं लागतं, टपालाने चालत नाही. महिनाअखेरीच्या आत या. मग मी इथे नसेन. एका दीपगृहाला रंग द्यायला माणूस हवाय म्हणतात. वस्तादांना अजून बोललो नाही. माझी गॅरंटी तेवढीच.

ता.क. तिसरं. पाकीट चिकटवत होतो, तर दार वाजलं आणि दारात तुम्ही! म्हणजे मामा, हे मी लिहितोय तेव्हा तुम्ही समोर स्टुलावर बसला आहात, आणि सोबत एक कुत्रं, जे तुमच्याकडे कधीच नव्हतं. पत्र वाचा म्हटलं, तर म्हणालात, "पत्र घाल चुलीत. आधी दात बसव. शिट्टी वाजत नाही माझी, हे लेकाचं ऐकत नाही." वस्ताद बाहेर गेलेत. गॅरंटी किती वर्षांची लिहू, असं मीच विचारलं, तर तुम्ही कुत्र्याचा जबडा उघडून माझ्यापुढे धरलात. "याच्या हिरड्या बघ. याची जितकी वर्षं निघतील, त्याच्यावर एक वर्ष लिही."