राजाभाऊंचं पोट

मोहाली,
घटस्थापना

प्रिय श्याम,

बाळूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (मध्यंतरी एकाच हाताने नमस्कार करायचे दिवस आले होते, कारण दुसरा पोटावर असायचा. त्याविषयी पुढे.) विनयावहिनींना साष्टांग दंडवत सांग. प्रत्यक्ष घातला तर उठवायला माणूस लागेल, म्हणून कागदावरच घालतो. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? मोतीबिंदू काढलास की अजून पिकायची वाट बघतोयस? यंदा कृष्णेचं पाणी घाटाच्या कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं? इकडे श्रीनिवास, सूनबाई आणि इरा मजेत आहेत. श्रीनिवास सकाळी नॉलेज सिटीत प्रयोगशाळेत जातो तो दिवेलागणीला उगवतो. सौ. कांचन तर नको तितकी मजेत आहे. तिच्याविषयीही पुढेच.

तू म्हणशील, फोन सोडून म्हाताऱ्याला पत्राचं काय सुचलं? एक तर आमचा फोन ही शेजारी बसून ऐकते आणि मध्ये मध्ये दुरुस्त्या सुचवते. आणि दुसरं म्हणजे, आमच्या कॉलनीच्या रस्त्याला सातवीण फुलायला लागली आहे. संध्याकाळी असा वास सुटतो की आपण दोघं दप्तर पाठीला लावून पागनीस मास्तरांच्या वर्गात निघालोय असं वाटतं. (आपल्या शाळेजवळ सातवीण नव्हती हे मला माहीत आहे. चिंच होती. पण वासाला एवढा भूगोल कळत नाही.)

तर मला साखर निघाली. भिऊ नकोस, फार नाही. इथल्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी, म्हणजे एका उमद्या सरदारजींनी, लांबुळकी पांढरी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "अंकलजी, शुरू में पेट थोड़ा गड़बड़ करेगा, फिर सेट हो जाएगा. पक्का." त्यानंतरही ते बराच वेळ काही समजावून सांगत होते. पण त्यांच्या खिडकीबाहेर एक सातवीण होती, आणि मी तेवढ्यात सहावीच्या वर्गात जाऊन बसलो होतो. परत आलो तेव्हा ते पुढच्या पेशंटशी बोलत होते.

त्या गोळीने माझं काय केलं, ते तुला सांगतो, कारण तूच समजू शकशील. शाळेच्या पितळी घंटेला जीभ लावून दाखव, अशी तू माझ्याशी पैज लावली होतीस, आठवतं? तीच चव मग रोज सकाळपासून तोंडात. पिठलं खा, भरीत खा, सगळं घंटेचं. बरं, घंटा तोंडात वाजली तर वाजो, ती पोटातही वाजायची, आणि शाळा सुटल्यावर जशी पोरं सुटतात तसा मी सुटायचो. इकडचे लोक शहर सेक्टरच्या आकड्यांनी ओळखतात. मी ते संडासांनी ओळखायला लागलो. कुठल्या बाजारामागचा स्वच्छ आहे, कुठल्याला बाग बंद झाल्यावर कुलूप लावतात, कुठल्या पेट्रोलपंपावरचा माणूस मायाळू आहे, हे सगळं मला पाठ. या शहराची आखणी फार सरळ आहे असं म्हणतात, पण घाईत असलेल्या माणसासाठी त्यात एकही आडवाट ठेवलेली नाही.

हेही मी सोसलं असतं. वय झालं, पोट कुरकुरणारच. पण श्याम, राजाभाऊंचं पोट कुरकुरत नाही!

राजाभाऊ म्हणजे आमच्या मराठी मंडळातले. सरकारी कंपनीतून निवृत्त होऊन इथेच राहिले. वडिलांचीही बदलीची नोकरी, त्यामुळे माणूस कुठल्याच गावचा नाही आणि सगळ्या गावांत ओळखी. वय आपल्याएवढंच. त्यांना साखर माझ्या आधीपासून, डॉक्टर तेच सरदारजी, गोळी तीच, ताकद तीच. (मी त्यांच्या घरी चहाला गेलो असताना फडताळातली गोळ्यांची पट्टी उलटी-सुलटी करून पाहिली आहे. चष्मा लावून.) आणि परिणाम? शून्य! गणपतीच्या आधी मंडळाची खरेदी करायला आम्ही तिघं सेक्टर बावीसच्या बाजारात गेलो होतो. राजाभाऊंनी उभ्या उभ्या छोले-भटुरे खाल्ले. "भटुरा एकच, बरं का वहिनी, पथ्य आहे," असं हिला सांगून वर खारी लस्सी घेतली. तेवढ्या वेळात मी त्या बाजाराच्या पिछाडीला दोनदा जाऊन आलो. परत आलो तर ही त्यांना म्हणत होती, "तुमची प्रकृती कशी ठणठणीत आहे हो. नाही तर आमच्याकडे बघा." राजाभाऊ माझ्याकडे बघत होते. कणव होती रे त्यांच्या नजरेत! एक वेळ माणसाने चापट मारावी, पण भटुरा चावताना कणव दाखवू नये.

मी मत्सरी नाही, हे तुला ठाऊक आहे. (स्कॉलरशिपच्या वेळची गोष्ट काढू नकोस. ती वेगळी होती.) त्यांची साखर आटोक्यात आहे, मला आनंद आहे. त्यांचे केस अजून काळे आहेत, असोत. पण एकाच गोळीने एकाला घोडा करावं आणि दुसऱ्याला घोड्यासारखं पळवावं, याला न्याय म्हणतात का?

आता गणपतीतली गोष्ट. ती लिहायची नव्हती, पण हात आपोआप तिकडे वळला. गेली कित्येक वर्षं मंडळाच्या कार्यक्रमाचा शेवट माझ्या कवितेने होतो. माझ्या म्हणजे आपल्या, सहावीच्या पुस्तकातल्या, गडाच्या पहारेकऱ्याच्या. सगळीच्या सगळी बारा कडवी, चालीवर, पागनीस मास्तर म्हणायचे तशी, उजवा हात भाल्यासारखा धरून. या परमुलखात माझी ओळख काय? श्रीनिवासचे वडील, इराचे आजोबा. पण वर्षातून एकदा ती कविता म्हणताना मी बाळकृष्ण असतो. राजाभाऊ दर वर्षी पहिल्या रांगेत बसतात आणि ओठ मिटून माझ्या तोंडाकडे टक लावून बघतात. माझी चूक पकडायला, असा माझा समज.

यंदा मी उभा राहिलो. पहिली तीन कडवी अशी निघाली म्हणतोस! चौथं घेतलं:

कडाडले नभ, ढळले डोंगर,
जरी उसळले सागर,
गडावरी मी उभा पहारी,
पाय न माझा हलणार!

आणि श्याम, "हलणार" म्हणता म्हणता पोटात सागर उसळले. पहारेकऱ्याने भाला टाकला आणि गड सोडला. माईक पडला, तो आवाज झाला. मी कडी लावतो न लावतो तोच झरोक्यातून पाचवं कडवं ऐकू आलं. राजाभाऊ! पहिल्या रांगेतून उठून, माईक उचलून, खणखणीत आवाजात, पाचव्यापासून बाराव्यापर्यंत, एका शब्दाचीही चूक न करता. (मी तपासत होतो. त्या जागी दुसरं काम काय?) मग टाळ्या. आतून ऐकताना टाळ्या फार मोठ्या वाटतात रे. बाहेर आलो तर इरा म्हणाली, "आजोबा, क्या एक्टिंग थी! भागने वाला पार्ट बेस्ट था!" आणि ही? घरी येईपर्यंत कॅबमध्ये एकच: "राजाभाऊंनी वेळ मारून नेली हो. काय आवाज! हे आत्तापर्यंत का बरं म्हणत नव्हते?"

त्यानंतर आमच्या मंडळाच्या सेक्रेटरी देवयानीचा फोन आला. ती मोठ्या इस्पितळात डॉक्टर आहे, पोर गुणी. म्हणाली, "काका, कोजागिरीला अख्खी कविता राजाभाऊकाकांना म्हणू दे का? तुम्ही निवांत बसा. तुमच्यासाठी खुर्ची ठेवते मी. दाराजवळ."

दाराजवळ, श्याम.

मी "हो" म्हणालो. मोठ्या मनाने म्हणालो. माणसाने कधीतरी भाला खाली ठेवावा. तरुणांना संधी द्यावी. (राजाभाऊ माझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहेत.) आता मी त्या वाटेला जाणार नाही. कोजागिरीला दाराजवळ बसून मसाला दूध पिईन, बिनसाखरेचं, आणि टाळ्या वाजवीन, पण या वेळी कडीच्या बाहेरच्या बाजूने. तुझ्याकडून मला काही नको. फक्त मन मोकळं करायला हे पत्र. वहिनींना पुन्हा नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला माझ्या पोटाची सहानुभूती.

तुझा,
बाळू

ता. क. पत्र बंद करता करता एक किरकोळ गोष्ट राहिली. पोट आता बरं आहे. काय झालं की परवा पहाटे राजाभाऊ फिरून येता येता, जास्वंद द्यायला म्हणून, आमच्याकडे डोकावले. ही झोपलेली. मी गॅलरीत सहाण घेऊन बसलो होतो. आपल्याकडे औषध म्हणजे अनशापोटी, सहाणेवर उगाळून, मधाच्या बोटाबरोबर चाटायचं. गिळलेलं औषध अंगी लागत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून मी ती गोळी पहिल्या दिवसापासून रोज उगाळत होतो. (सांगलीहून निघताना तू विचारलं होतंस, ट्रंकेत हा धोंडा कशाला नेतोस. या कामाला.) ही समजायची, नेहमीची मात्रा चालली असेल. राजाभाऊंनी सहाण बघितली, मध बघितला, गोळीचा उरलेला तुकडा बघितला आणि खाली बसून हसायला लागले. त्यांचं ते ठणठणीत पोट गदागदा हलत होतं. म्हणाले, "अहो बाळकृष्णपंत, ही गोळी म्हणजे तुमची बारा कडव्यांची कविता आहे! जेवणानंतर अख्खी गिळायची, म्हणजे दिवसभर एकेक कडवं सावकाश म्हणते. तुम्ही तिच्याकडून पहाटे पहाटे, उपाशीपोटी, बाराच्या बारा एका दमात म्हणवून घेताय! आणि वर मध? साखरेच्या औषधाला?" सरदारजी समजावत होते ते हेच असणार. तेव्हापासून जेवल्यावर अख्खी गिळतो. घंटा मंद झाली आहे, पळापळ थांबली. पण उपकार कोणाचे, तर राजाभाऊंचे! आणि ती कडव्यांची उपमा, श्याम, ती मला सुचायला हवी होती. हे हिला सांगितलेलं नाही. देवयानीला तर सांगणं शक्यच नाही, ती डॉक्टर पडली. त्यामुळे माझं पोट बरं झालंय ही बातमी मला कुणालाच देता येत नाही, आणि दाराजवळची खुर्ची कायम आहे.

ता. क. २. आता लिहितोच आहे तर एक छोटंसं काम. राजाभाऊंची पुतणी तुमच्याच गावात, विश्रामबागेत असते. ते तिच्याकडे जायचं म्हणताहेत, दसऱ्याला की दिवाळीला एवढंच ठरत नाहीये. तू त्यांना आग्रहाचा फोन कर. म्हणावं, बाळूने तुमच्याविषयी फार चांगलं लिहिलंय (लिहिलंच आहे). दसऱ्याला या आणि कोजागिरी आमच्याकडे करूनच जा. निघतो म्हणाले तर वहिनींना भरली वांगी करायला सांग. माणूस खाण्यापुढे विरघळतो. कोजागिरी उलटली की खुशाल सोड. मंडळाचं काय, असं त्यांनी विचारलंच, तर म्हणावं, तिकडे बाळू आहे.

ता. क. ३. थांब! फोन करू नकोस.

पाकीट चिकटवून बसलो होतो तेवढ्यात राजाभाऊच आले. ही देवळात गेली आहे हे बघून आले. बराच वेळ हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग खाली मान घालून म्हणाले, "पंत, एक विनंती होती. मला पहिली चार कडवी शिकवाल का?" मला कळेना. तर सहावीत असताना त्यांच्या वडिलांची बदली झाली होती. नव्या शाळेत हे दाखल झाले त्या दिवशी वर्गात पाचवं कडवं चालू होतं. जुन्या शाळेत कविता सुरू झालेली नव्हती, आणि नव्या शाळेत पुस्तक मिळालं ते वरच्या वर्गातल्या मुलाचं जुनं, त्यातलं पहिल्या चार कडव्यांचं पान फाटलेलं. पुढे पुस्तकंच बदलली. "तुम्ही म्हणता तेव्हा मी पहिल्या रांगेत त्या चार कडव्यांसाठी बसतो हो," म्हणाले. "पण ऐकताना डोळ्यांना धार लागते, शब्द राहत नाहीत. आणि तुम्ही असे भाला धरून उभे राहता ना, की वाटतं, या माणसाला काय नशीब लाभलंय, सुरुवातीपासून वर्गात होता!" देवयानीला ते अख्खी कविता म्हणेन असं बोलून बसलेत आणि आता सांगायला लाज वाटते.

म्हणजे बघ, श्याम. इतकी वर्षं त्या माणसाचा गड पायथ्याशिवाय उभा होता. आणि तो माझा हेवा करत होता! मला अगदी भरून आलं. आम्ही गॅलरीत बसलो, सातविणीचा वास येत होता, मी पागनीस मास्तरांसारखा हात धरून म्हणत होतो आणि राजाभाऊ मागून म्हणत होते. दोघांचेही डोळे ओले. तीन कडवी बिनचूक पाठ करून घेतली. चौथ्याचं म्हणालो, आज दमलात, ते सावकाश घेऊ. (म्हणजे कोजागिरीनंतर. हे त्यांना बोललो नाही.)

चौथ्यापाशी ते अडतील. मग दाराजवळच्या खुर्चीवरून कुणीतरी उठायला लागेल, आणि एकदा उठलेला माणूस बाराव्याच्या आत बसत नसतो.

तेव्हा त्यांना सांगलीला मुळीच बोलावू नकोस. आणि त्यांनी आपण होऊन फोन करून चौथं कडवं विचारलं, तर तुला ते आठवत नाही.