मिस्ड कॉल शून्य, माल जाग्यावर

कुरुळी, सोमवार

तीर्थस्वरूप दौलतमामांना मंजुषाचा वाकून नमस्कार, आणि मामींना दोनदा, कारण तुम्हाला सांभाळायचं काम त्यांच्याकडे आहे.

गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून बजावलं तरी तुम्ही मिरच्या वाळत घालायला गच्चीवर जाता, असं तुमच्या स्वप्नालीकडून कळलं. बरं नाही हे. इकडे आम्ही खुशाल. ह्यांची या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, पिंकीच्या दातांना तार बसवली (त्यामुळे घरात जरा शांतता आहे), आणि मला शनिवारी नोकरीवरून काढणार आहेत. बाकी ठीक. फोन करायचा सोडून ही बया पत्र का लिहितेय, असं म्हणाल. मामा, फोनचं नाव काढलं तरी सध्या माझ्या डोक्यात तिडीक जाते. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला असं लिहू नये, पण तुमच्या वेळचा फोन निदान वाजायचा तरी.

तुम्हाला माहीत आहे, आमच्या कारखान्यात मी सतरा वर्षं डिस्पॅचला बसते. म्हणजे माल भरून गाड्या रवाना करायच्या. आमचे ब्रॅकेट वेळेवर गेले नाहीत तर पुढच्या मोटारकंपनीची गाड्या जोडायची लाइन थांबते आणि मग तिकडचे साहेब आपल्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. तर त्या टेबलावरचा फोन मी सतरा वर्षांत फारसा उचललाच नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे! ड्रायव्हरनं एक घंटी देऊन फोन ठेवला, म्हणजे गाडी चाकणच्या चौकात अडकली, घाई नको. दोन घंट्या, म्हणजे वळण घेतलं, माल बाहेर काढा. तीन, म्हणजे गेटवर उभा आहे, फाटक उघडा. फोनच्या पट्टीवरच्या नंबरावरून गाडी कळायची आणि घंट्यांवरून ठिकाण. सुजितसाहेब (मालक मारुतरावांचे पुतणे, पुण्यात मॅनेजमेंट शिकून आलेत, दिवसातून चार वेळा ‘सिस्टिम’ म्हणतात) म्हणाले, आता कॉल फुकट आहेत, मिस्ड कॉल कशाला देतात हे लोक? अहो, पैशाचा प्रश्न कुणी काढला? आमचा पेरुमल होसूरहून गाडी आणतो. त्याला मराठी येत नाही, मला तमिळ येत नाही, आणि हिंदी दोघांनाही बेताचीच. अकरा वर्षांत आम्ही एक वाक्य धड बोललो नाही आणि त्याची एक गाडी चुकली नाही. घंटीला भाषा लागत नाही, मामा.

तर दसऱ्याच्या तोंडावर नवे फोन आले. काळेभोर, पडद्याचे, टेबलागणिक एक. बसवायला आपले जयदीपराव आले होते. तुमचे जावई म्हणून सांगत नाही, पण काम अगदी स्वच्छ. वायरी अशा बांधल्या की वेणी घातल्यासारख्या. (त्यांना मी काही बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका.) खंडेनवमीला मारुतराव हार-नारळ घेऊन आले आणि विचारू लागले, पर मेन मशिन हाय कुठं? जयदीपरावांनी सांगितलं की ते इथं नाहीच, क्लाउडवर आहे, आपल्याकडे नुसती इंटरनेटची लाइन. मारुतरावांनी जरा वेळ छताकडे बघितलं आणि इंटरनेटच्या डबीपुढे नारळ फोडला. पाणी डबीत गेलं आणि पहिला दिवस फोन बंद होते. मामा, तोच काय तो एक दिवस सुखाचा गेला!

दुसऱ्या दिवसापासून मशीन बोलायला लागलं. घंटी अर्धी वाजायच्या आत ते फोन उचलतं, इंग्रजीत स्वागत करतं, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा म्हणतं, आणि काहीच दाबलं नाही तर सनई लावतं. माझा फोन मुका. पेरुमल बिचारा भला माणूस, समोरून कुणी बोलतंय म्हटल्यावर मध्येच कसा ठेवील? चौकात गाडी उभी करून त्यानं तीन वेळा ती सनई शेवटपर्यंत ऐकली. मग गेटवर आला, तर तिथला नवा रखवालदार म्हणे वरून फोन आल्याशिवाय आत सोडणार नाही. वरून म्हणजे माझ्याकडून. मला कुठं पत्ता? मी मुक्या फोनकडे बघत बसलेली. पावणेदोन तास भरलेला माल आत आणि रिकामी गाडी बाहेर. बाकीच्या ड्रायव्हरांचीही तीच गत. मोटारकंपनीची लाइन थांबायला वीस मिनिटं उरली होती. आणि त्याच वेळी सुजितसाहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन खाली आले, कारण त्यांच्या पडद्यावर आलं होतं: आजचे कॉल सत्तेचाळीस, उचलले सत्तेचाळीस, मिस्ड कॉल शून्य. मी पेढा घेतला (उपाशी होते) आणि तोंडात असतानाच सांगितलं की माल पण शून्यच गेलाय.

त्या दिवशी पळत जाऊन मीच फाटक उघडायला लावलं. तेव्हापासून मी काय केलं ते ऐका. ड्रायव्हरांना माझा मोबाइल नंबर दिला. आता आमच्याकडे मोबाइल गेटवर जमा करायचा नियम, तो मी मोडला नाही. मोबाइल जमा केला आणि त्याच्याशेजारी खुर्ची टाकून मीच गेटच्या केबिनमध्ये बसले. आज नववा दिवस. ऊन तोंडावर येतं, रखवालदार तंबाखू मळतो, पण एक गाडी पाच मिनिटं उशिरा गेली असेल तर नाव बदलेन! घरी ह्यांनी पेरुमलचे एकवीस मिस्ड कॉल बघितले आणि दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होते. तेही सोसलं. तरी शुक्रवारी मेमो हातात पडला. नेमलेली जागा सोडली, सिस्टिमला विरोध केला, माझ्या हट्टापायी माल थांबला, असं माफीपत्र तयार टाइप करून दिलंय. शनिवारपर्यंत सही करायची, नाहीतर घरी बसायचं. मारुतराव येऊन म्हणाले, पोरी, कर की सही, काय जातंय तुझं? माझं काय जातंय? सतरा वर्षं जातात, दुसरं काय! अडकलेला माल मी सोडवला आणि माफी मी मागू? करणार नाही. घरी भाकऱ्या थापीन, पण त्या कागदाला बोट लावणार नाही.

मामींना नमस्कार लिहिलाच आहे. गच्चीवर जाऊ नका.

तुमची भाची,
मंजुषा

ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवू नका. तिला मी प्रमोशनचं सांगितलंय.

ता. क. दुसरा. आता काम. फोन बसवताना जयदीपरावांनी प्रत्येक टेबलाला एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात प्रश्न होता, मशीननं किती घंट्यांनंतर उचलायचं? त्या दिवशी सकाळपासून पस्तीस गाड्यांच्या घंट्या ऐकून माझं डोकं उठलं होतं. वाटलं, आता काही दिवस एकसुद्धा कानावर पडायला नको. म्हणून मी माझ्या हातानं शून्य लिहिलं. खाली सही केली. स्वप्नाली म्हणते, तो आकडा जयदीपराव घरबसल्या दोन मिनिटांत बदलू शकतात. तेव्हा त्यांना शनिवारच्या आत सहा करायला सांगा. तुम्हालाच सुचलं असं सांगा, सासऱ्याचा शब्द जावई मोडायचा नाही. माझं नाव कुठं येऊ देऊ नका.

ता. क. तिसरा. फॉर्म सुजितसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, अजून त्यांनी वाचलेला नाही. वाचला तर वाचू दे, मी कुणाला भीत नाही. माफीपत्रावर सही मात्र नाही म्हणजे नाही. सतरा वर्षांत या कंपनीच्या एका कागदावर मनापासून सही केली आणि त्यानं माझाच गळा धरला. आता दुसऱ्यावर करायला मी काय खुळी आहे?