गेर्निकाच्या लेकराची पानगळ

तीर्थस्वरूप होसेपाअक्का हिला, पाम्पाच्या माळरानावरून धाकट्या हिलारिओचा टोपी काढून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? गाय चारा खाऊ लागली का? माझी छाती धडधडते, पण ती लहानपणापासूनच धडधडते, तू काळजी करू नको. (काळजी मी करतो आहे.)

गेल्या जूनमध्ये आपल्या बास्क सरकारने इथल्या आमच्या मंडळाला, बास्क घराला, गेर्निकाच्या ओकचं रोप पाठवलं. ज्याच्याखाली आपले राज्यकर्ते शपथ घेतात, त्याच झाडाचं लेकरू! समुद्र ओलांडून कुंडीतून आलं, अंगावर हिरवीगार पानं. आम्ही पेलोटाचा चेंडू मारतो त्या भिंतीशी ते लावलं आणि राखण माझ्याकडे दिली, कारण आमचे अध्यक्ष मार्सेलिनो म्हणाले, "हिलारिओला नाहीतरी झोप येत नाही." जून म्हणजे इथे कडाक्याची थंडी. मी त्याला माझी गोधडी पांघरली. (रोझालिया तेव्हापासून मला तिच्या गोधडीत घेत नाही. इटालियन बायका मनात धरतात.)

मग इथला वसंत आला. गावातलं झाडन् झाड पालवलं, आणि आमच्या ओकची पानं मात्र पिवळी पडून गळू लागली. उरली नुसती काठी. त्यातच कळलं, रविवारी सरकारची बाई भेटीला येणार! अक्का, जगभरच्या बास्क घरांत आमचं नाव काय राहणार? गेर्निकाचं झाड मारणारे? शेवटी स्टेशनमागच्या ओकची पानं तोडली आणि हिरव्या लोकरीने एकेक करून काठीला बांधली. रोझालिया म्हणाली, "मेलेल्याला टोपी घातली म्हणून तो उठून पत्ते खेळायला बसतो का?"

रविवारी गाराझी आली. नातीच्या वयाची पोर, पण सरकार! बासरी वाजली, मानाचा नाच सुरू झाला, नाचणाऱ्याचा पाय कपाळापर्यंत गेला आणि नेमका वारा सुटला. एक पान पडलं, लोकरीसकट. मग दुसरं. मार्सेलिनोंचा चेहरा चुन्यासारखा झाला. गाराझीने पान उचललं, लोकर पाहिली, मग नखाने काठीची साल जराशी खरवडली. आत हिरवं! म्हणाली, "आजोबा, जिवंत आहे हो हे. आपल्याकडे आता पानगळ ना? हे अजून तिकडचेच ऋतू पाळतंय." आणि ते लोकरीचं पान तिने आपल्या पिशवीत जपून ठेवलं.

 अंगणातल्या एकेकाने टोपी काढून हातात घेतली. अक्का, एवढीशी काठी, शाळा नाही, कॅलेंडर नाही, आणि समुद्रापलीकडे तुझ्या परसात पानं गळताहेत हे तिला ठाऊक! मी नवा आलो तेव्हा इथल्या नाताळच्या उन्हाळ्यात लोकरीचा कोट घालून चर्चला जायचो, लोक हसायचे. आता तुमच्याकडे कुठला ऋतू आहे, हे मला बोटांवर मोजून काढावं लागतं.

तुझा,
हिलारिओ

ता. क. खरं काम राहिलंच. गोठ्यामागच्या आपल्या ओकखाली रोपं उगवतात, त्यातलं एक ओल्या गोणपाटात गुंडाळून येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पाठव. पानं गळून गेल्यावरच पाठव, इथे येऊन पुन्हा नको गळायला. सरकारला कळवू नको. न जाणो, लागलं तर.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच रोझालिया ओरडली, "अहो, कोंब!" धावत गेलो. मुंगी निघाली. टोपी तेवढी आधीच काढून झाली होती, ती हातात धरून बराच वेळ तिथेच उभा राहिलो. रोप पाठवच.