दस्ता कापायचा का

५ जानेवारी २०२५, रविवार

म्हातारी म्हणाला! बोलला बंदुकीला, पण बघत होता माझ्याकडे. खारघरच्या त्या एसी हॉलमध्ये, वीस पोरापोरींसमोर. "आजी, ही बंदूक म्हातारी झालीय. आता हिच्याकडून होत नाही." विनायक सर! वय पस्तीस, पोट माझ्या मुलाच्याही पुढे. निशाला नेमबाजी शिकवतो म्हणून गप्प बसले. नाहीतर सांगणार होते, म्हाताऱ्यांकडून काय काय होतं ते पहाटे माझ्या मोरीत येऊन बघ.

निशा माझी नात. सोळा वर्षांची. दिवाळीपर्यंत दहाच्या ठिपक्यावर छर्रे मारत होती. थंडी पडली आणि नेम बिघडला. आठ, सात, परवा तर सहा. रिक्षात तोंड फिरवून रडली. मी बघितलं नाही असं केलं.

सर म्हणतात, दोनच रस्ते. एक, नवी बंदूक घ्या, हवेची टाकीवाली. तिला दर छर्ऱ्याला बाजूचा दांडा ओढावा लागत नाही. दुसरा, हीच सुधारा. आतली स्प्रिंग बदला, डोळा लावायची साइट बदला, आणि मागचा लाकडी दस्ता दीड इंच कापा. निशाचे हात आखूड. दस्ता खांद्याला टेकला की पोरगी बगळ्यासारखी मान लांब करते.

कापा म्हणे! वस्तू कोणाची, ते विचारायला नको?

६ जानेवारी

ही वही निशाची. सर सगळ्यांना रोज लिहायला लावतात, आज काय चुकलं, उद्या काय करणार. तिने चार पानं लिहून टाकून दिली. कोरी वही रद्दीत जाते बघून मी घेतली. चौथीपर्यंत शिकले, अक्षर वाकडं आहे. वाचणार कोण? कोणी नाही. बरंच आहे.

रात्री जेवताना निशाच्या बापाने, परेशने विषय काढला. "आये, नवीच घेऊ निशाला. मी आनतो. पन मग ही जुनी घरात नाय ठेवायची. रेंजवर देऊन टाकू, शिकनाऱ्या पोरांना."

"तुझी हाय का ती?"

"मग कोनाची हाय?"

सून उठून गॅस बारीक करायला गेली. गॅस बंदच होता.

८ जानेवारी, बुधवार

कोणाची ते लिहून ठेवते. या घरात तिचं नाव कोणी घेत नाही, वहीला काय त्याचं.

बंदूक दिपिकाची. माझी मुलगी, परेशच्या पाठची. सतरा वर्षांची असताना हिच्या बापाने, कमळाकरने, मुंबईच्या एका रिटायर नेमबाजाकडून आणली. तेव्हाही जुनीच होती. पोरगी बापासारखी उंच, हात लांब, दस्ता तिला जसाच्या तसा बसला. बारा वर्षं ती दांडा ओढायची, छर्रा घालायची, श्वास धरायची. आमच्या मिठागराच्या खानदानात कोणी बंदूक बघितली नव्हती. फावडं बघितलं होतं. कमळाकर गावभर सांगत फिरायचा, माझी पोर राज्यात तिसरी!

मग तिने लग्न ठरवलं. आमच्यातला नाही, इंदूरचा. कमळाकर दारात उभा राहिला. "जायाचं तं अंगावरच्या कपड्यानं जा."

ती गेली. चप्पल घालताना मला म्हणाली, "आई, बंदूक असू दे. मी न्यायला येईन."

बापाला नाही म्हणाली. मला म्हणाली. अकरा वर्षं झाली.

दोन वर्षांपूर्वी कमळाकर गेला. तेराव्याला बाया मला आतल्या खोलीत घेऊन बसल्या होत्या, पण माझे कान बाहेर होते. प्रत्येक पायाच्या आवाजाला वाटायचं, आली. सगळे आले. उरणची मावसभावंडं आली, जी लग्नालाही येत नाहीत. ही नाही आली. त्या दिवशी मी म्हटलं, ही माझी नाही, दगडाची.

दगडाची असली तरी बंदूक तिचीच.

११ जानेवारी

निशा म्हणते, बंदुकीला केसांचा वास येतो. आणि छर्रा सुटताना मधूनच धूर निघतो. पोरीचं डोकं फिरलंय.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सर तिळगूळ न्यायला आले. गोड बोला म्हणाले. म्हटलं, आधी तुम्ही सुरू करा.

१९ जानेवारी, रविवार

आज माझी लाज निघाली. लिहायची इच्छा नाही, तरी लिहिते.

बंदूक दुरुस्त करणारा मितेश महिन्यातून दोनदा रविवारी रेंजवर येतो. अंगाने काडी, पण हात सोनाराचे. सरांनी त्याला बंदूक उघडायला सांगितली, स्प्रिंगचं माप घ्यायला. मी आणि निशा समोर बसलेल्या. त्याने आतला दट्ट्या बाहेर काढला आणि थांबला. बोटावर पांढरा गोळा घेतला. चरबीसारखा. नाकाशी नेला.

"हे काय? खोबरेल? बंदुकीत खोबरेल कोणी ओतलंय?"

सगळे हसले. निशाही हसली. मी नाही हसले.

मी ओतलंय. दर खंडेनवमीला. दिपिका गेली त्या वर्षापासून.

आमच्यात खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पाटावर येतं. कोयता, विळी, पहार, परेशच्या ट्रेलरचे पाने. हळदकुंकू, झेंडू, आणि खोबरेल. माझ्या सासऱ्याने मला या घरात पहिली गोष्ट हीच शिकवली. मिठागराच्या हवेत लोखंड दोन महिन्यांत खाल्लं जातं, म्हणून सांध्यासांध्यात खोबरेल सोडायचं, हात आखडता घ्यायचा नाही. दिपिका घरी होती तोवर बंदुकीला हात लावू द्यायची नाही. "आई, हिला नुसतं फूल वाहा." ती गेल्यावर अडवणारं कोण? मी पहिल्या वर्षी दोन चमचे सोडले. मग दर वर्षी. ती न्यायला येईल तेव्हा गंजलेली मिळायला नको म्हणून. गेल्या खंडेनवमीला नळीतून बाहेर येईपर्यंत ओतलं. यंदा येईल असं उगाच वाटत होतं.

थंडीत खोबरेल थिजतं, हे मला कळत नाही का? डोक्याला लावायची बाटली मीच उन्हात ठेवते! पण बंदुकीत थिजेल हे नाही सुचलं. थंडी आणि वर सरांचा एसी.

मितेशला म्हटलं, "मी घातलं."

तो ओशाळला. म्हणाला, "अहो आजी, प्रेमाने घातलं असेल."

"प्रेमानं नाय. गंजू नये म्हनून."

त्याने दोन तास धुतलं, पुसलं, आतली रबराची चकती बदलली. स्प्रिंग ठणठणीत आहे म्हणाला, बदलायची गरजच नाही. निशाने दहा छर्रे मारले. सात वेळा दहा. बाकीच्या तीन वेळा नऊ.

सर म्हणाले, "बंदूक उत्तम आहे हो!" आता उत्तम.

२० जानेवारी

निशाने रागवायला हवं होतं. दोन महिने माझ्यामुळे रडली पोरगी. तर सकाळी येऊन म्हणते, "आजी, माझ्या केसांना पण तू इतकंच तेल लावायचीस. म्हणून मी बॉयकट केला."

दोन धपाटे घातले. मग बरं वाटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

तेल निघालं, पण दीड इंच आहे तसाच. निशाने मला मान दाखवली. उजवीकडे गाठ आलीय, सुपारीएवढी. रोज दोन तास ताणून धरते. पुढच्या महिन्यात निवड स्पर्धा. साठ छर्रे मारायचे असतात. चाळिसाव्यानंतर तिची मान थरथरते, आणि सगळं तिथेच जातं.

परेश रोज फोनवर नव्या बंदुकींचे फोटो दाखवतो. दस्ता मागेपुढे सरकतो, वरखाली होतो. निशा म्हणते, "बाबा, कॉम्पिटिशनच्या तोंडावर नवीन नको. हात बसायला सहा महिने जातील. मला हीच पाहिजे, फक्त कापून." सरही तेच म्हणतात.

परेश ऐकत नाही. "ही घरातून जाऊ दे एकदा." जाऊ दे म्हणजे काय? जेवायला मागते का ती?

नवी आणली तर हा दिपिकाची बंदूक घराबाहेर काढणार. कापली तर घरात राहील, पण दिपिकाच्या खांद्याला पुन्हा बसणार नाही. कापलेलं लाकूड वाढत नाही. मितेश दोन तारखेला परत येतो. तोवर सांगायचं आहे.

पोरीची मान इकडे. आणि तिकडे कोण? जी येत नाही ती.

२६ जानेवारी

दुपारी घरात कोणी नव्हतं. बंदूक कपाटातून काढली आणि खांद्याला लावून बघितली. बापरे, काय वजन! पाच किलोच्या पिठाच्या पिशवीसारखी. दस्त्यावर गाल टेकतो तिथे लाकूड काळं पडलंय. खोबरेल नाही ते, मी पुसून बघितलं. बारा वर्षांचा घाम. माझा गाल तिथे पोहोचला नाही. मीही आखूडच.

खालून सिलेंडरवाला ओरडला तेव्हा ठेवली.

२८ जानेवारी, मंगळवार

निशाला म्हटलं, तुझ्या आत्याला विचारल्याशिवाय मी कापू देणार नाही. पत्ता शोधायला लाग.

म्हणाली, "पत्ता कशाला? नंबर आहे ना. बाबांच्या जुन्या फोनमध्ये सेव्ह होता, तो फोन आता मीच वापरते."

"कधीपासून हाय?"

"दोन वर्षं. तू कधी विचारलंच नाहीस."

नाही विचारलं. मी का विचारू? सोडून कोण गेलं? चूल सोडून मी कुठे गेले होते? असं सगळं म्हणून झालं. मग फोन तोंडापुढे धरला. निशा म्हणाली, हे बटण दाबून बोल, आवाज जातो. काय बोलायचं ते सकाळपासून पाठ करत होते. सगळं विसरले. बोलले ते एवढंच, "दिपे, बंदूक निशाला लांब होते. दस्ता दीड इंच कापायचा म्हनतात. तुझी हाय म्हनून विचारते. हो का नाय ते सांग. बाकी काय नको."

बाकी काय नको! जीभ झडली नाही माझी.

२९ जानेवारी

दोन निळ्या रेघा आल्या की ऐकलं असं समजायचं. आल्या. सकाळी नऊ वाजता.

३० जानेवारी

काही नाही.

निशाला शाळेत फोन नेऊ दिला नाही. भांडली. मी डाळ निवडत बसले, फोन सुपात.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या मितेश येणार. परेश विचारतो, "काय ठरलं आये?" मी दिपिकाला विचारलंय हे त्याला माहीत नाही. निशाला दम दिलाय.

ठरवलंय मी. उत्तर आलं नाही तरी कापायचा. पोरीची मान आजची आहे, माझी वाट बघणं जुनं आहे. दिपिका आली तर तिला सांगेन, मी कापला. मग काय शिव्या घालायच्या त्या मला घालू दे. तेवढ्यासाठी तरी समोर उभी राहील.

भाकऱ्या आज दोन जास्त झाल्या. कशा झाल्या कळलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी आठला आवाज आला. निशाकडून तीनदा लावून घेतला. आवाज जाड झालाय तिचा.

"आई, कापा. निशाला नीट बसू दे. मी इथे शाळेत मुलींना हेच शिकवते, बंदूक माणसाला बसली पाहिजे. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण तुझा आवाज ऐकून मला कळेना. बाबांच्या तेराव्याला मी आले होते. खाली गेटवर दादा होता. म्हणाला, आईला तुझं तोंड बघायचं नाही, वर येऊ नकोस. मी दुपारपर्यंत समोरच्या रसवंतीत बसून होते. आई, तू खरंच असं म्हणाली होतीस?"

निशाला बंदूक देऊन रेंजवर पाठवलं. मितेशला म्हणावं काप. फोन इथे ठेवून जा म्हटलं.

परेश अंघोळीला गेलाय. बाहेर आला की ओल्या अंगाने याच खुर्चीवर बसायचं. तिने विचारलंय मला, पण मी बोलणार नाही. सुनेने मध्ये पडायचं नाही. हे बटण दाबून धरायचं आणि बहिणीला उत्तर द्यायचं ते परेशने, माझ्यासमोर.