क्लीनर साइडचे पोचे

३ जानेवारी
परत ठोकली! राहुरीत कांद्याच्या वखारीपाशी रिव्हर्स घेताना मागचा दिवा फुटला. ड्रायव्हर होऊन तीन महिने नाहीत आणि हे पाचवं. ट्रकमालक वाल्मिकशेठ ट्रकभोवती फिरले. “संदीप, गाडी हाय का पत्र्याचा डबा?” मी तोंड उघडायच्या आत सहादूमामा पुढे – “शेठ, माजी चूक. मीच म्हनलो येऊ द्या.”

दरवेळी हेच! तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, माझा सासरा, आता क्लीनर होऊन जावयाशेजारी बसतो आणि माझ्यासाठी मान खाली घालतो. फार लाज वाटते.

४ जानेवारी
बायकोला, दीपाला म्हटलं, ही नोकरी सोडतो. ती म्हणाली, “तुम्ही सोडलंत तर माझ्या आण्णांना या वयात गाडीवर कोण घेणार?” खरंय. पण नाही सोडली आणि उद्या दिव्याऐवजी माणूस सापडला तर?

७ जानेवारी
शेठचा निरोप – आता एक जरी ठोकली तर दोघंही खाली.

गाडी धुताना गंमत दिसली. सगळे पोचे डावीकडे! माझ्या बाजूला साधा ओरखडा नाही. असं का? डावा आरसा हलतो का? नाही. सीट वाकडी? नाही. मग माझीच मान वाकडी असेल म्हणून आरशात बघत बसलो. दीपा हसायला लागली.

मिस्त्री नियाजभाईंना दाखवलं. ते म्हणाले, “ही क्लीनर साइड. क्लीनरला इचारा की.”

मामांना? कसं विचारू?

१० जानेवारी
आज रस्त्याकडे कमी आणि मामांकडे जास्त बघितलं. पाट्या मलाच वाचायला लावतात – “वाचा की पाव्हणं, शिकलेलं हाव न्हवं!” मला थट्टा वाटायची. चहाचा कप चाचपून उचलतात. मागची गाडी कुठली ते नुसत्या आवाजावरून सांगतात. याचं तर मी चारचौघांत कौतुक करत आलोय!

११ जानेवारी


नेवाशात मोकळं मैदान मिळालं. रिव्हर्स घेतो म्हटल्यावर मामा नेहमीसारखे मागे डावीकडे उभे राहिले. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर दोन थापा म्हणजे येऊ द्या, एक म्हणजे थांबा. मी इंजिन चालू ठेवलं, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले आणि गुपचूप वळसा घालून मागे जाऊन उभा राहिलो. मामांच्या अगदी समोर, चार पावलांवर. त्यांच्या तोंडावर ऊन.

दोन थापा. “येऊ द्या.” परत दोन. “येऊ द्या, लई जागा हाय.”

माझ्याकडेच बघत होते!

“मामा,” म्हटलं. त्यांचा हात फाळक्यावर तसाच राहिला. “कवा उतरला?” एवढंच विचारलं.

भिंगार जवळ आल्यावर बोलले. “ऊन समोर आलं की नुस्तं पांढरं दिसतं. म्हनून तर श्टेरिंग तुमाला दिलं. आन शेठला सांगतच हुतो की, चूक माजी हाय.”

सांगत होते! आम्ही सगळे त्याला चांगुलपणा समजलो. आधी संतापलो – अहो, एखादं पोर आलं असतं मागे! मग त्यांच्याकडे बघवेना.

१२ जानेवारी
शेठना सगळं सांगितलं. मामा शेजारीच होते. शेठने मामांच्या तोंडासमोर हात हलवून बघितला. मग – “आधी डोळं दाखवा त्यांचं.”

२ फेब्रुवारी
मोतीबिंदू. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

मी एकटाच जातो. रिव्हर्सआधी उतरून, मागे जाऊन बघून येतो. वखारीतले हसतात. हसू देत.

९ मार्च
मामा ऑपरेशननंतरचा काळा चष्मा न लावता ट्रकभोवती फिरले. डावीकडचा एकेक पोचा बघत होते. “येवढं ठोकलं आपुन?”  मग उजवीकडे गेले आणि थांबले. परवा मी एकट्यानेच खांबाला घासली होती. दीपालाही बोललो नव्हतो. “आन ह्यो कुनाचा, पाव्हणं?”

तेवढ्यात शेठ आले. वाकून बघितलं. “ही कुनाची चूक?”

मामांनी तोंड उघडलंच होतं. मी आधी बोललो – “माझी.”

शेठने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. “कांदा भरून तयार हाय. निघा दोघंबी.”