टायपिंगच्या खोलीतलं लिनक्स

आई,

दिवाळीनंतरच्या त्या पाच दिवसांबद्दल तुझ्याशी बोलायचं राहून गेलं. दारव्ह्याच्या आपल्या टायपिंग क्लासात तू कॉम्प्युटरवर लिनक्स चढवायला बसली होतीस, ते दिवस. त्याला पंचवीसहून जास्त वर्षं झाली आणि तू जाऊन पंधरा. मी जन्मभर पेपरात दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या, रोज ठरल्या वेळेला पान छपाईला सोडलं. ही एक बातमी मात्र ठेवून दिली. आज सुट्टी आहे, घरात कोणी नाही, तर जसं झालं तसं लिहितो.

कापडाच्या दुकानावरची ती खोली, वर चढायला लोखंडी जिना, भिंतींना लागून बारा टाइपरायटर. सकाळी सातपासून खडखडाट सुरू व्हायचा, तो खाली रस्त्यावर ऐकू जायचा. तुझ्या क्लासात खोडरबर नव्हतं. चूक झाली की कागद ओढून काढायचा, नवा लावायचा आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा. चूक शेवटच्या ओळीत झाली असली तरी. मुली रडकुंडीला यायच्या. मीही दहावीच्या सुट्टीत त्याच खोलीत शिकलो आणि बदलीचा एक अर्ज तू मला नऊ वेळा टाइप करायला लावलास. "नजर कागदावर ठेव," म्हणायचीस. "बोटाकडे पाहशील तं बोट कधीच शिकणार नाही." तू स्वतः टाइप करताना समोरच्या भिंतीला आग लागली असती तरी तुला कळलं नसतं.

मग टायपिंगला येणारी माणसं कमी व्हायला लागली. यवतमाळला कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. तू दोन जुने कॉम्प्युटर आणलेस, यवतमाळच्या एका मेकॅनिकनं त्यावर कुठूनतरी कॉपी केलेली सिस्टीम टाकून दिली. मुली फ्लॉपी आणायच्या, फ्लॉपीतून व्हायरस यायचा आणि पंधरा दिवसांत दोन्ही मशीन बंद. तिसऱ्या वेळी तो मेकॅनिक वैतागला. "मॅडम, तुमचं ते टाइपरायटरच बरं. हे तुमच्याच्यानं होत नाही." तू त्याला चहा दिलास, जिन्यापर्यंत सोडायला गेलीस, आणि परत येऊन मला म्हणालीस, "तू ती सीडी आणली होतीस ना, ती कुठं आहे?"

सीडी मीच आणली होती. यवतमाळच्या आमच्या पेपरच्या ऑफिसात एक इंग्रजी मासिक यायचं, त्याच्यासोबत ती आली होती. यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम आहे, व्हायरस लागत नाही म्हणतात, पण चालवायला इंजिनीअर लागतो, असं मी हसत हसत सांगितलं होतं. तू त्यातलं इंजिनीअरचं वाक्य सोडून बाकीचं लक्षात ठेवलंस.

दिवाळीनंतरच्या सोमवारपासून कॉम्प्युटरची बॅच, असा कागद तू जिन्यात चिकटवला होतास. अकरा जणींनी नावं दिली होती. सोमवारी मशीन चाललं नाही तर त्या यवतमाळची एसटी धरणार आणि क्लास बंद पडणार, हे तुला माहीत होतं, मलाही. फरक इतकाच की मला ते हवं होतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती, तू एकटी तो जिना दिवसातून चार वेळा चढत होतीस आणि मी यवतमाळला दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या.

"आई, झालं आता. माझ्याकडे ये, आराम कर."

"आराम करून काय करू? तुह्या घरी बसून छत पाहू?"

"सोमवारी त्या अकरा जणी येतील तेव्हा काय दाखवशील?"

"सोमवारचं सोमवारी. आज बुधवार आहे ना?"

मी आठवडाभर सुट्टी काढून घरी आलो होतो. बुधवारी सकाळी तू बसलीस. मासिकात चार पानं सूचना होत्या, त्या तू पाटावर टेकवून समोर ठेवल्यास, टायपिंगचा उतारा ठेवतात तशा. मशीन सीडीवरून सुरू होईना, म्हणून आधी ते सुरू करून देणारी फ्लॉपी बनवली. मग निळ्या पडद्यावर एकामागून एक प्रश्न यायला लागले. कीबोर्ड कोणता, माऊस कोणता, डिस्कचे भाग किती पाडायचे. तू प्रत्येक प्रश्न वाचतेस, अडलेला शब्द डिक्शनरीत पाहतेस, वहीत लिहितेस आणि मग एंटर दाबतेस. मी मागून घाई करतोय, "दाब ना एंटर, एवढं काय वाचायचं त्यात?"

"तुम्ही पेपरवाले नुसतं हेडिंग वाचता," तू मान न वळवता म्हणतेस. "मले खालचंही वाचू दे."

अडीच तासांनी सिस्टीम डिस्कवर बसली. ती सुरू करताना फ्लॉपी घालायची होती. पडद्यावर एक शब्द येऊन थांबायचा आणि तिथं मासिकात छापलेली एक ओळ टाइप करायची. सिस्टीम कुठल्या डिस्कच्या कितव्या भागात आहे, हे सांगणारी ओळ. तिच्या शेवटी डिस्कच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरं होती आणि त्यांना चिकटून एकचा आकडा. तू नजर कागदावर ठेवून ती ओळ दोन सेकंदांत मारलीस. पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्या, पळाल्या, आणि थांबल्या. शेवटच्या ओळीत 'कर्नल पॅनिक' असं काहीतरी होतं.

"पॅनिक म्हणजे घाबरणं ना रे?"

"हो."

"याले काय झालं घाबरायले? घाबरायचं तं मी घाबरलं पाहिजे."

मग तू तेच केलंस जे तू मुलींना करायला लावायचीस. नवा कागद लावलास. डिस्क पूर्ण पुसलीस आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केलीस. दुसरं कोणी असतं तर ती शेवटची ओळच चार वेळा मारून पाहिली असती. पण तुझ्या खोलीत अर्धवट कागदावर पुढं टाइप करायची पद्धत नव्हती. गुरुवारी दोनदा झालं, दोन्ही वेळा मशीन त्याच जागी थांबलं. शुक्रवारी एक वाजता लाईन गेली तेव्हा डिस्कवर अर्धी सिस्टीम चढली होती. मी म्हणालो, सुटलो. तू खाली दुकानात जाऊन विचारून आलीस, "चार वाजता येते म्हणे," आणि चार वाजेपर्यंत खिडकीशी बसून मुलींचे पेपर लाल पेन्सिलीनं तपासलेस. चारला पुन्हा पहिल्यापासून.

शनिवारी दुपारी मी तुझ्यामागे चहा घेऊन उभा होतो. पाचव्यांदा सगळं झालं होतं आणि तू ती ओळ टाइप करत होतीस. मला पेपरात प्रूफं वाचायला लागून तीन वर्षं झाली होती. डोळा आपोआप अक्षरावर जातो. ओळीच्या शेवटी एक नव्हता. तिथं इंग्रजी छोटा एल होता.

तुला सांगायला नको, पण लिहितो. आपल्या इंग्रजी टाइपरायटरवर एकच्या आकड्याची कळच नव्हती. आकडे दोनपासून सुरू व्हायचे. एक हवा असला की छोटा एल दाबायचा, कागदावर तो एकसारखाच उठायचा. तू वीस वर्षं तसाच एक लिहिलास, शेकडो मुलींना तसाच शिकवलास, मलाही. कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर एकची कळ होती, पण तुझ्या बोटाला ती कधी लागलीच नव्हती आणि तू बोटाकडे पाहत नव्हतीस. मशीनसाठी मात्र आकडा वेगळा आणि अक्षर वेगळं. तू सांगितलेल्या जागी त्याला काही सापडत नव्हतं, म्हणून ते थांबत होतं. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखेच दिसायचे, आणि एंटर दाबलं की ती ओळ वर निघून जायची.

हे सगळं मला एका क्षणात कळलं. एक शब्द बोलायचा होता. तू एंटर दाबलंस, ओळी पळाल्या, थांबल्या. मी चहा प्यायलो.

मला सुचलं नाही, असं नाही. मी हिशेब केला. शनिवार गेला, आता एकच दिवस. यवतमाळचं ते घर मी मनात लावूनही टाकलं होतं, तुझी खाट कुठल्या खिडकीखाली ठेवायची इथपर्यंत. रात्री तू गोळ्यांची कढी केली होतीस. वाढता वाढता म्हणालीस, "उद्या पुन्हा पहिल्यापासून करते."

"तेच तेच करून काय होणार आहे?"

"तेच करून राह्यली म्हणून तं समजलं. पाचही वेळा शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आलं. म्हणजे जे काय लफडं आहे ते त्या ओळीत आहे." मग तू डाव हातात धरून थांबलीस. "तू सांग ना. तुले काय वाटते?"

मी ताटाकडे पाहत म्हणालो, "सीडीच खराब असेल."

तू "हं" म्हणालीस आणि मला आणखी दोन गोळे वाढलेस.

रविवारी सकाळी जिन्यावर पावलं वाजली. तुझ्या टायपिंगच्या बॅचमधली सगळ्यात संथ बाई आली होती. तिशी उलटलेली, दोन लेकरांची आई, गावाहून जीपनं यायची. सहा महिने झाले तरी एका बोटानं, एकेक कळ शोधत टाइप करायची आणि तू रोज तिच्यावर ओरडायचीस. सोमवारी बाकीच्या पोरी हसतील म्हणून ती आधीच मशीन पाहायला आली होती. तू अजून डिस्क पुसली नव्हतीस. तिच्याकडे पाहिलंस, मशीन त्या ओळीपर्यंत आणून ठेवलंस आणि खुर्चीवरून उठलीस.

"बस वं इथं. ही ओळ मार."

"मॅडम, मले कुठं जमते?"

"जमत नाही म्हणूनच म्हणून राह्यली. माह्या हातानं पाच वेळा बिघडलं. आता दुसरा हात लावून पाहू."

ती बसली. एक अक्षर कागदावर पाहते, मग कीबोर्डवर शोधते, मग दाबते. मी दाराशी उभा होतो आणि तिचं बोट कुठं जातं ते पाहत होतो. शेवटी ते वर गेलं, आकड्यांच्या रांगेत, डावीकडे. तिनं एंटर दाबलं. पांढऱ्या ओळी पळाल्या आणि रोजच्या जागी थांबल्या नाहीत. पळतच राहिल्या. मग पडदा स्वच्छ झाला आणि एक प्रश्न आला.

"मॅडम, हे माह्यं नाव विचारून राह्यलं का?"

तू आनंदानं ओरडली वगैरे नाहीस. मशीन बंद केलंस. "पुन्हा मार," म्हणालीस, आणि या वेळी खाली वाकून तिच्या बोटाकडे पाहत राहिलीस. ते वर आकड्यांकडे गेल्यावर तू ताठ उभी राहिलीस. स्वतःचा उजवा हात समोर धरून, करंगळीशेजारचं बोट हलवून पाहिलंस. "वीस वर्षं या बोटानं एक लिहिला मी," असं म्हणालीस आणि इतकं हसलीस की ती बाईही हसायला लागली, काय झालं ते न कळता. मग तू माझ्याकडे पाहिलंस. मी जिना उतरून खाली पान खायला गेलो.

सोमवारी अकराही जणी आल्या. क्लास पुढं नऊ वर्षं चालला. त्या दोन खोल्यांत मी एकटाच राहायला गेलो आणि तू यवतमाळला आलीस ती अगदी शेवटी, गुडघे गेल्यावर. त्या शनिवारचं आपण कधी बोललो नाही.

मागच्या आठवड्यात ती संथ बाई माझ्या ऑफिसात आली. मी ओळखलं नाही, तिनंच सांगितलं. तुझ्याकडून टायपिंग आणि कॉम्प्युटर शिकून तिला बाभुळगावला सरकारी ऑफिसात नोकरी लागली होती; आता निवृत्त झाली, म्हणून पेढे घेऊन आली होती. म्हणाली, दर बॅचला पहिल्या दिवशी मॅडम आपली चूक फळ्यावर लिहायच्या, तोच एल मोठा करून. मग विचारायच्या, ही कोणी केली असेल? पोरी म्हणायच्या, कोणीतरी नवशिकी असेल. मग तू सांगायचीस, मीच.

"अन् तुमचंही सांगत, सर," ती म्हणाली. "म्हणत, माहा पोरगा मागं उभा होता, पडद्याच्या काचेत त्याचं तोंड दिसलं मले. त्यानं काहीतरी पाह्यलं हे तवाच समजलं. पण सांगितलं नाही त्यानं. मले शोधू दिलं. सांगून टाकलं असतं तं मी विसरून गेली असती, म्हणत. तुम्हीही एकमेकींले लगेच सांगू नका."

म्हणजे त्या रात्री डाव हातात धरून तू मला विचारलंस, तेव्हा तुला माहीत होतं. मी काय पाहिलं ते नाही, पण काहीतरी पाहिलं एवढं. आणि मी सीडीवर ढकललं. नंतर नऊ वर्षं तू माझं ते गप्प बसणं मुलींना धडा म्हणून शिकवलंस. तुला ते खरंच तसं वाटलं, की चारचौघींपुढं पोराची बाजू सावरलीस, हे मला ठरवता येत नाही. मी तुला शोधू दिलं नव्हतं, आई. तुला सापडू नये म्हणून गप्प बसलो होतो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, त्यामुळं शेवटचंही लिहून टाकतो. ती बाई पेढ्यांचा डबा माझ्यापुढं धरून उभी होती. "तुमच्यासारखा धीर पाहिजे, सर," म्हणाली. शेजारच्या टेबलावरची दोघं ऐकत होती. तिला खरं काय ते सांगायला मला वेळ होता, पान सुटायला अजून तासभर होता. मी पेढा घेतला आणि म्हणालो, "आईचीच शिकवण."