मंदीतलं कपाट

ती. ताई,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. माझी तब्येत बरी आहे, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्रही स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून लिहितोय आणि मधूनच एक फेरी मारून येतोय, तेव्हा ओळी तिरक्या गेल्या तर रागावू नका.

विषय हिच्या, तुमच्या धाकटीच्या, शाळेचा. मंदीमुळे नगरपालिकेने शाळेचे पैसे कमी करायचं काढलंय, आणि पहिली कात्री लागणार ती हिच्या वाचनाच्या तासाला. (कारण काय, तर ही गेल्यामुळे जागा आपोआप रिकामी झाली, कुणाला काढायला नको. सभेच्या सूचनेत 'आपोआप' हाच शब्द आहे. तो वाचल्यापासून माझ्या फेऱ्या वाढल्यात.)

मला चारचौघांत बोलता येत नाही, हे तुम्ही आमच्या लग्नातच पाहिलंत. म्हणून सभेत नुसता फलक धरून उभं राहायचं ठरवलं. 'मंदी असली तरी शाळेत कपात नको' एवढा मजकूर छपाईवाल्याला फोनवर सांगितला. माझा आवाज मुळात बारीक, त्यात त्याचं यंत्र चालू. फलक गुंडाळून आला, तो मी थेट सभागृहातच उलगडला आणि छातीशी धरला. (धरणाऱ्याला फलकाची पाठच दिसते, हे त्या दिवशी कळलं.) पुढून तो असा होता : 'मंदी असली तरी शाळेत कपाट नको.'

सभासद इतकं मन लावून वाचत होते की मला भरून आलं. अध्यक्ष म्हणाले, "आजोबांचं बरोबर आहे. पडत्या काळात कपाट कशाला?" सगळे हात वर गेले. मी डोळे पुसले, हात जोडले. शेजारीच मुख्याध्यापिका बसल्या होत्या. वर्षानुवर्षं अर्ज करून त्यांनी वाचनखोलीसाठी एक कपाट मंजूर करून आणलं होतं, ते गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, फलक एकदा स्वतःकडे वळवता का?"

या गोंधळात सभेची वेळ संपली आणि कपात पुढच्या गुरुवारवर गेली. वाचनाचा तास तेवढ्यापुरता वाचलाय.

आपला,
धाकटा मेहुणा

ता. क. : गुरुवारी तुम्ही येऊन बोला. आमच्याकडे बोलायचं खातं हिचं होतं. तिच्यानंतर शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज घरात तुमचाच.

ता. क. २ : तुम्ही येताय, असं मी अध्यक्षांना सांगून बसलोय. (पत्र टाकायच्या आधीच. काय करणार, राहवलं नाही.) ते लहानपणी हिच्याच तासाला बसायचे. ताई किती वेळ बोलतील, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, धाकटी बोलायची तेवढाच. त्यांनी गुरुवारच्या विषयांची यादी पुढे ओढली. मग म्हणाले, त्यांचा विषय आधी घेऊ, बाकीचे राहिले तर राहिले.